अडतीस बंडल पाखरं

हे लिहून ठेवायचं नाही, असंच संघर्षनं ठरवलं होतं. दोनदा सुरुवात केली आन दोनदा पुसून टाकलं. लिहून काय पाणी उतरणार आहे? वर आपलीच चूक आपल्याच हातानं चव्हाट्यावर मांडायची. पण त्याचा दोस्त कृष्णात म्हणाला, "चूक लिवायची न्हाय, तर मग चार वर्सं वहीत लिवलं ते तरी कशाला?" म्हणून हे.

तर गोष्ट अर्ध्या तळ्याची.

निपाणीपासनं सहा-सात किलोमीटरवर, कृष्णातच्या गावाच्या वरच्या अंगाला ते तळं. कागदावर त्याचं नाव दुसरंच काहीतरी आहे, पण गावात अर्धं तळंच म्हणतात. कारण बांधलं तेव्हापासनं ते कधी अर्ध्याच्या वर भरलंच नाही. दिवाळी झाली की पाणी मागं सरायला लागायचं आन पूर्वेच्या अंगाला काळा, लोण्यासारखा चिखल उघडा पडायचा. म्हशीसुद्धा त्यात पाय घालायच्या नाहीत. गावाला ती नुसती दलदल. पण बर्फाच्या मुलखातनं उडत येणाऱ्या पाखरांना ते वाढून ठेवलेलं ताट. चिखल्या, तुतारी, पाणटिवळे. काटकुळ्या पायांची, लांब चोचीची. चिखलात चोच खुपसायची, किडे ओढून खायचे, हिवाळा काढायचा आन उन्हं तापली की परत निघायचं. बदकासारखं खोल पाण्यात पोहून ह्यांचं पोट भरत नाही. ह्यांना चिखलच लागतो, तो पण घोट्याएवढ्या पाण्याचा.

संघर्षला ह्यातलं काही माहीत नव्हतं. बारावीनंतर शिक्षण सुटलं, निपाणीत स्टँडसमोर मोबाईल दुरुस्तीचं टपरीवजा दुकान. एके दिवशी कृष्णात पाण्यात पडलेला फोन घेऊन आला. फोन सुरू झाला तसा पडद्यावर एका पाखराचा फोटो. लांब पाय, लांब चोच, डाव्या पायात पिवळं कडं.

"हे काय रं?"

"काय म्हाईत. आमच्या तळ्यावर वर्साला येतंय. त्याचाच फोटो काढाय गेलतो, तवा तर फोन पडला."

"पाखराच्या पायात कडं कोण घालतंय?"

"सोनार," कृष्णात म्हणाला.

त्या रात्री संघर्षला झोप आली नाही. मोबाईलवर शोधत बसला. कळलं ते असं, की कुठल्या तरी लांबच्या देशात माणसं पाखरं धरतात, कडं घालतात आन सोडून देतात, म्हणजे ती कुठं जातात ते समजावं. हे पाखरू म्हणजे पाणटिवळा. पुढच्या रविवारी दोघं तळ्यावर. त्या दिवसापासनं संघर्ष पाखरांचा झाला आन कृष्णात संघर्षच्या नादानं पाखरांचा झाला. कड्याच्या पाखराचं नाव कृष्णातनं मनुबाई ठेवलं. ते त्याच्या आत्तीचं नाव. "आत्ती बी अशीच. बोलवाय लागत न्हाय, दिवाळीला येती आन उनाळा लागल्याबिगर हालत न्हाय."

पुढं बेळगावात कॅम्पमधल्या एका कॉलेजातल्या प्रियदर्शनी मॅडमशी ओळख झाली. त्या आसपासच्या सगळ्या तळ्यांवरच्या पाखरांची मोजणी गोळा करायच्या. त्यांनी तिपायीवरची जुनी दुर्बीण दिली, वही दिली आन सांगितलं, "दर जानेवारीत एकदा. सगळी पाखरं. आकडा कमी येवो, जास्त येवो, आहे तोच लिहायचा."

आता हजारभर पाखरं एकेक करून कोण मोजणार? ती काय रांगेत उभी राहतात? मॅडमनी युक्ती शिकवली. एक घोळका नीट मोजायचा, तेवढा आकार डोळ्यात धरायचा आन मग तसले किती घोळके आहेत ते मोजत जायचं. मॅडम म्हणाल्या दहा-दहाचे धर. संघर्षनं पंचवीसचे धरले. त्याला दुसरं जमलंच नसतं. त्याची आई विड्या वळायची. निपाणीत निम्मी घरं विडीवर जगली, त्यातलंच एक त्याचं. शाळेतनं आलं की दप्तर टाकून सुपातल्या विड्यांची बंडलं बांधायची, हे त्याचं पहिलं काम. पंचवीसचं एक बंडल. बघून बघून डोळा असा बसलेला, की मूठ भरली की कळायचं, झालं बंडल. पंचवीसच्या बंडलात दोन जादा घालायच्या, ही आईची शिस्त. तपासणारा वाकडीतिकडी, फाटकी म्हणून विड्या काढून टाकायचा, त्याला छाट म्हणायचे. छाट निघाली तरी पंचवीस भरल्या पाहिजेत. तोंडानं पंचवीस म्हणायचं आन हातानं दोन सरकवायच्या. हे इतकं मुरलेलं, की त्यात काही वेगळं आहे असं त्याला कधी वाटलंच नाही.

तर दुर्बिणीला डोळा लावून संघर्ष म्हणायचा, "एक... दोन... तीन..." आन मागं बसलेला कृष्णात वहीत रेघा ओढायचा. पहिल्या वर्षी पस्तीस बंडल. दुसऱ्या वर्षी छत्तीस.

तिसऱ्या वर्षी योजना आली. नदीचं पाणी मोटरीनं उचलायचं, पाइपातनं आणायचं आन माळावरची तळी काठोकाठ भरायची. अर्धं तळं पहिल्या यादीत. गावात फटाके वाजले. कृष्णातच्या आप्पांनी तर साखर वाटली. त्यांची तीन एकर तळ्याच्या खालच्याच अंगाला.

काठोकाठ म्हणजे पूर्वेचा चिखल पाण्याखाली, हे संघर्षच्या लगेच ध्यानात आलं. पण बोलणार कुणाला? पाणी नको म्हणायला तो कोण?

मॅडम म्हणाल्या, बघूया. ज्या कचेरीत ती फाईल होती तिथं तिघं गेले. साहेब माणूस बरा होता. नकाशा पसरून कृष्णातशी कन्नडमध्ये बोलला आन मग संघर्षसाठी मराठीत म्हणाला, "पूर्वेच्या बाजूला आडवा छोटा बांध घातला तर तेवढा तुकडा उथळ राहतो. शेतीचं पाणी काय लई कमी होत नाही. पण असं कारण नसताना मी लिहू शकत नाही. हजार पाखरं दाखवा. हजार आणि वर असलं तर मी वर पाठवतो. हजाराच्या आत असलं तर वरचे माझ्यावर हसतात."

"छत्तीस बंडलं म्हंजे नवशे," जिना उतरताना कृष्णात म्हणाला.

"औंदा वाढतील."

त्या जानेवारीत दोघं फटफटायला तळ्यावर होते. थंडी मरणाची. धुकं उठलं तसा चिखल दिसायला लागला, आन चिखल हलत होता. इतकी पाखरं. संघर्षनं डोळा लावला. एक... दोन... बोटं गारठलेली. वीस... तीस... "सदतीस... अडतीस." मग नुसतं पाणी.

"किती रं?"

"साडेनवशे," कृष्णात रेघा मोजून म्हणाला.

"परत मोजू."

परत अडतीस. तिसऱ्यांदा डोळा लावतोय तोवर वरनं घार आली आन सगळा चिखल एकदम आभाळात गेला.

कृष्णात वही घेऊन जवळ आला. "हजार लिही."

"न्हाय."

"आरं, पन्नास! पन्नास पाखरं कोण मोजाय येतंय? ती काय कचेरीत सह्या कराय जाणार हाईत?"

"न्हाय म्हनलं न्हवं."

"त्या बाभळीमागं आसतील पन्नास."

"बाभळीमागं बगून आलतो मी."

"लई धुतल्या तांदळाचा हाईस बग तू."

"तसं न्हाय रं. एकदा खोटं लिवलं की ह्या वहीतलं काय खरं धरायचं? मॅडम म्हनल्यात, हाय त्योच आकडा. म्हंजे हाय त्योच."

कृष्णातनं पाण्याकडं बघतच वही पुढं केली. मग म्हणाला, "बरं. लिही साडेनवशे." इतक्या लवकर तो कधी ऐकत नसे. पण तेव्हा ते संघर्षच्या ध्यानात आलं नाही. तो आपल्याच खरेपणाच्या तोऱ्यात होता. आकडा नीट, गोल अक्षरात लिहिला. खाली सही केली.

साहेबांनी कागद बघितला, चष्मा काढला. "थोडक्यात गेलं की हो," म्हणाले. खरंच वाईट वाटल्यासारखं म्हणाले.

आडवा बांध काही झाला नाही. गणपतीच्या आधी पाणी सोडलं आन तळं काठोकाठ भरलं. पहिल्यांदाच. बायका नवी लुगडी, साड्या नेसून बागिन सोडायला आल्या. सुपात हिरव्या बांगड्या, खण, नारळ, हळदीकुंकू. वरनं दुसरं सूप झाकायचं आन ते पाण्याला द्यायचं, जशी माहेरवाशिणीची ओटी भरतात तसं. कृष्णातची आई मालुबाई सगळ्यात पुढं. सूप तरंगत तरंगत पूर्वेच्या अंगाला गेलं. तिथंच, जिथं चिखल होता.

संघर्ष बांधावर उभा होता. मालुबाईनं बघितलं. "काय रं पोरा, तोंड पाडून का हुबा हाईस? पाणी बगून कोण रडतंय व्हय?"

"न्हाय काकू, उनानं डोळं चमकायल्यात."

"धर हे." तिनं हातावर केसरीभाताचा द्रोण ठेवला. "मी लगीन होऊन आलतो तवापास्नं ह्या तळ्याकडं बगतोय. आमच्या शेतातली हीर कवा भरली न्हवती रं. औंदा हात घालून पाणी घ्याय येतंय." बोलताना तिचेच डोळे भरले.

केसरीभात लई छान झाला होता. शिव्या घालायला कुणीतरी वाईट माणूस लागतो, आन तिथं तसा एकही नव्हता. संघर्षनं द्रोण चाटूनपुसून खाल्ला.

दिवाळीनंतर पाखरं आली. कृष्णातचा फोन आला, "आल्यात. ये." संघर्ष दुकान तसंच टाकून गेला. शंभर-दीडशेचा थवा तळ्यावर फिरत होता. खाली यायचा, पाण्याला टेकल्यासारखं करायचा आन परत वर. एक चक्कर, दोन, पाच. थकून काही पाखरं बांधाच्या दगडावर बसली. शेवटची बस चुकलेली माणसं स्टँडवर बसतात ना, तशी. दगडाला चोच मारून बघायची. दगडात काय असणार? दोन तास बसली. मग एक उठलं, त्याच्यामागं सगळी.

"कुठं जातील?" कृष्णातनं विचारलं.

"चिखल आसंल तिकडं."

"कुठं हाय चिखल?"

संघर्षला माहीत असतं तर त्यानं हात करून दाखवला असता.

डिसेंबरात मॅडमनी कॅम्पातल्या घरी बोलावलं. नवीन मुलांना मोजणी शिकवायची होती, त्यासाठी मागच्या जानेवारीत अर्ध्या तळ्यावर येऊन त्यांनी स्वतः काढलेले फोटो होते. म्हणाल्या, "तुझी पद्धत पोरांना सोपी जाईल. जरा करून दाखव. ह्या फोटोत किती?"

संघर्षनं बघितलं. आपल्याच तळ्याचा चिखल. "आठ बंडलं. दोनशे."

मॅडमनी कळ दाबली. प्रत्येक पाखरावर एक लाल ठिपका, कोपऱ्यात आकडा. दोनशे सोळा.

"छान की. एवढं इकडंतिकडं सगळ्यांचंच होतं. हा बघ."

"चार. शंभर."

ठिपके एकशे आठ.

तिसरा फोटो. "सहा. दीडशे." ठिपके एकशे बासष्ट.

मॅडमनी वहीच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं भागाकार केला, परत केला. "संघर्ष, तुझं बंडल पंचवीसचं नाही. प्रत्येक वेळी सत्तावीस. चुकणारा माणूस कधी कमी चुकतो, कधी जास्त. तुझं मात्र ठरलेलं आहे." मग थांबून म्हणाल्या, "आणि तो अंगठा कशाला हलवतोस?"

"कुठला अंगठा?"

"उजवा. एक बंडल झालं की दोनदा हलतो. काहीतरी सरकवल्यासारखा."

संघर्षनं खाली बघितलं. अंगठा तर्जनीवर होता. दोन विड्या सरकवून तिथंच थांबलेला.

अडतीस गुणिले सत्तावीस. त्याला पेन्सील लागली नाही. एक हजार सव्वीस.

पन्नासनं खोटं बोलायला नको म्हणून ज्यानं दोस्ताचं ऐकलं नाही, त्यानंच शहात्तर पाखरं छाट म्हणून काढून टाकली होती. धडधाकट, चिखलात उभी, चोच खुपसून खाणारी शहात्तर.

मॅडमनी दुसऱ्याच दिवशी दुरुस्तीचं पत्र केलं, फोटो जोडले. मॅडम आन संघर्ष ते घेऊन कचेरीत गेले. साहेबांनी सगळं नीट वाचलं. मग कन्नडमध्येच पुटपुटले, "एन माडली?" काय करू आता मी. "तळ्यात पाणी आहे. पाखरं नाहीत. नसलेल्या पाखरांसाठी बांध घाला म्हणून कसं लिहू?" चहा मागवला. तो पिऊन दोघं बाहेर आले. मॅडम म्हणाल्या, "मी तुला पहिल्या वर्षीच तपासायला हवं होतं. माझीपण चूक आहे." संघर्षला ते ऐकूनसुद्धा हलकं वाटलं नाही.

घरी आला तेव्हा आई दारात सूप घेऊन बसलेली. आता थोड्याच वळते, डोळ्यांनी दिसत नाही.

"आई, बंडलात किती?"

"पंचवीस."

"आन हातात?"

"सत्तावीस. दोन छाटीच्या. इसारलास व्हय?" आई हसली. "ही सवय तुझ्यापरीस थोरली हाय रं."

त्याला सांगायचं होतं. पण सांगून तिच्या ओंजळीत काय टाकणार? त्यानं खाली बसून चार बंडलं बांधून दिली.

जानेवारीतला मोजणीचा रविवार आला. जायचं की नाही, ह्यावर संघर्ष आठ दिवस कुढला. शेवटी कृष्णातच दारात गाडी घेऊन आला, पाठीला दुर्बिणीची पिशवी. बांधावर दोघं बसले. समोर भरलेलं तळं, वारा सुटला की लाटा. चार पाणकावळे पंख वाळवत बसलेले. चिखलावरच्या पाखरांतलं एक नाही. आप्पांच्या शेतात ऊस हिरवागार.

मग उत्तरेकडनं एक लहान थवा आला. संघर्षचा अंगठा उचलला गेला, त्यानं तो मुठीत दाबून धरला आन एकेक मोजलं. सोळा पाणटिवळे. एक चक्कर, दुसरी. त्यातलं एक ओरडलं, बारीक आवाजात.

"मनुबाई आसंल का रं त्यात?"

"उडताना कडं दिसत न्हाय."

थवा दक्षिणेला वळला आन बारीक होत गेला. दिसायचा बंद झाल्यावरही दोघं तिकडंच बघत होते.

तेव्हा संघर्षनं सगळं सांगितलं. बंडल, छाट, अंगठा, एक हजार सव्वीस. पाण्याकडं बघतच सांगितलं. वाटलं आता कृष्णात शिवी घालेल, म्हणेल मी म्हनलो न्हवतो हजार लिही? त्यानं एक दगड उचलून पाण्यात टाकला.

"खरं सांगू?"

"सांग."

"त्या दिवशी साडेनवशे आलं तवा मला बरं वाटलतं." कृष्णातचा आवाज खाली गेला. "हजार लिही म्हनलो खरं. पर तू न्हाय म्हनलास तवा आतनं सुटल्यागत झालं. आप्पा, आई, ती हीर. मला पाणी बी पायजे हुतं आन मनुबाई बी पायजे हुती. तू एकट्यानंच न्हाय छाट काढलीस."

संघर्षला रागसुद्धा आला नाही. मोटरीचा आवाज तेवढा येत होता, लांबनं, पाणी अजून चढतच होतं.

कृष्णातनं वही मांडीवर घेतली. "काय लिवू?"

"खाली बसलेली, शून्य. वरनं गेलेली, सोळा."

कृष्णातनं लिहिलं. शून्य जरा मोठंच काढलं. मग पेनाचं टोपण लावलं, परत काढलं.

"फुडच्या वर्सी येशील न्हवं? का मीच एकटा येऊन शून्य काढू?"

"येतो."

"आसं न्हवं. नीट सांग. कुणी इचारू दे न्हाय इचारू दे, कचेरीत घेऊ दे न्हाय घेऊ दे."

संघर्षनं उजवा हात पुढं केला. अंगठा तळव्याशी घट्ट दुमडलेला.

"दर जानेवारीला येतो. शून्य आसलं तर शून्य लिवतो. एक जरी बसलं तरी एकच लिवतो. छाट न्हाय काढणार, कृष्णात. एक बी न्हाय."